दहातून चार वेळा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर बसून ढग पाहत होते. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी ही सवय गेलेली नाही. ते म्हणाले, "दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीबद्दल लिहा. शास्त्रीय नको, मजेदार लिहा." मी घरात येऊन नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त शिक्षक आहे आणि चूक काढायची संधी सोडत नाही. म्हणाला, "बरं झालं. शास्त्रीय तुला जमलं असतं, तर माझ्या पुतण्याच्या मुंजीत पाऊस पडला असता का?"

ती मुंज एकोणीस वर्षांपूर्वीची आहे. आमच्या घरी अजून तिचा उल्लेख होतो.

मी मध्य प्रदेशातल्या नेपानगरची. बाबा मूळचे भुसावळकडचे, पण कागद कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. मी बऱ्हाणपूरच्या हवामान केंद्रात नोकरीला लागले आणि जिल्ह्याचा अंदाज पेपरात छापून येऊ लागला, तेव्हा बाबा पेपर हातात घेऊन आधी कागद दोन बोटांत चोळून पाहत, मग अंदाज वाचत. वाचून झालं की म्हणत, "कागद चांगला आहे." माझ्या कामाबद्दल त्यांनी यापेक्षा जास्त कधी काही म्हटलं नाही.

केंद्र म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शहराबाहेर दोन खोल्या, एक व्हरांडा आणि तारेच्या कुंपणात उभी केलेली आमची हत्यारं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत तापमापक, पाऊस मोजायचं नळकांडं, वारा मोजायच्या फिरत्या वाट्या आणि बाष्पीभवन मोजायचं एक रुंद भांडं. रोज सकाळी साडेआठला या सगळ्यांची विचारपूस करायची, आकडे वर कळवायचे, वरून राज्याचा अंदाज आला की त्यात आपल्या जिल्ह्याचं काय ते पाहायचं आणि शेतकऱ्यांना समजेल असं लिहून पाठवायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसल्ला, आणि वादळाची चिन्हं असतील तर दिवसात कितीही वेळा. पूर्वी हे पोस्टानं जाई आणि वादळ पोस्टाच्या आधी पोचे. व्हॉट्सॲप आल्यापासून सल्ला आधी पोचू लागला, आणि शिव्यासुद्धा.

एका मे महिन्यात आमच्या भांड्यातलं पाणी इतकं उडायला लागलं की वरून विचारणा झाली, "आपका बुरहानपुर रेगिस्तान हो गया क्या?" मी तीन दिवस आकडे तपासले, भांड्याला चीर आहे का पाहिलं. चौथ्या दिवशी दुपारी व्हरांड्याच्या खांबामागे लपून बसले. बरोबर दोन वाजता शेजारच्या दोन शेळ्या कुंपणाच्या फटीतून आत आल्या, पोटभर पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघत शांतपणे निघून गेल्या. भांड्यावर जाळी बसवली. शेळ्यांनी प्यालेलं पाणी बाष्पीभवनात गेल्याचं मी वर कळवलं नाही. आता निवृत्त आहे म्हणून सांगते.

लोकांना वाटतं, हवामानवाल्यांची खरी धावपळ पावसाळ्यात. पावसाळ्यात पाऊस येतो हे सांगायला माझी गरज नाही. आमचा जीव खालीवर होतो तो एप्रिल-मे महिन्यात. जमीन तापून लाल झालेली असते, त्यात समुद्राकडून थोडी ओल वाहत येते, दुपारनंतर सातपुड्यावर ढग उभे राहतात. आडवे पसरलेले ढग बिचारे निरुपद्रवी. उभे वाढणारे ढग वाईट. त्यांच्या पोटातली थंड हवा एकदम खाली आदळते आणि चहूकडे सुटते. पाऊस यायच्या आधी धुळीचा लोट घेऊन येणारं वादळ ते हेच. मग वीज, कधी गारा, अर्धा तास धिंगाणा. शेजारच्या गावात मात्र कोरडं ठाक. असा एकेक ढग आठ-दहा गावांपुरता असतो. तो उद्या कुठल्या आठ गावांवर उभा राहील हे आजपर्यंत कोणाला सांगता आलेलं नाही. म्हणून आमच्या अंदाजात शब्द असतो, 'कहीं-कहीं'. त्याला माप आहे. जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत कुठंही, असा त्याचा अर्थ. पण ऐकणाऱ्याला तो अर्थ कसा लागतो ते ऐकणाऱ्यालाच विचारावं.

मे महिन्यातले माझे सगळ्यात कडक साहेब म्हणजे सिंधूमावशी. आमच्याच गल्लीतल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघर गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि गव्हाच्या कुरडया वाळत घालतात. मावशी पहाटे चिक शिजवायच्या आधी मला फोन करत. मी म्हणे, "मावशी, दुपारनंतर कहीं-कहीं गरज-चमक, विजांचा कडकडाट आहे." मावशी म्हणत, "हे रेडिओचं नको सांगू. माह्या गच्चीचं सांग." मी गच्चीचं सांगे. एकदा चुकले. दोन पायल्यांचे बिबडे भिजले. मावशींनी त्या भिजलेल्या बिबड्यांची कढीत टाकून भाजी केली आणि डबा भरून मला केंद्रावर पाठवला, सोबत निरोप, "तुह्या अंदाजाची भाजी केली, खाय." भाजी उत्तम झाली होती.

दुसरे गिऱ्हाईक शब्बीरभाई मंडपवाले. लग्नसराईत ते रोज सकाळी नऊला फोन करून आपले त्या दिवसाचे सगळे मंडप मला सांगत. कुठलं गाव, कुठली जागा, किती माणसं, कापड किती. "मॅडम, शाहपुर में छे सौ आदमी, खुला मैदान, बताओ चादर कसूँ के ढीली रखूँ?" वारा जोराचा असेल तर कापड उतरवून ठेवायचं, नाहीतर कापडासकट बांबू उडतात आणि माणसांना लागतात. या फोनमुळे जिल्ह्यात कुणाचं लग्न कुठं आहे हे मला कलेक्टरपेक्षा जास्त माहीत असे. गंमत म्हणून ऐकून घ्यायचे मी ते. पुढे त्याचा असा उपयोग होईल हे मनात नव्हतं.

आता भागवतभाऊ. बहादरपूरचा केळीवाला, माझ्याच वयाचा, सडपातळ, डोक्याला पांढरा गमछा. गावातले पन्नास-साठ शेतकरी याचं पाहून पाणी देत. पहिल्यांदा केंद्रावर आला तेव्हाच त्यानं मला कोपऱ्यात घेतलं होतं.

"मॅडम, हे कहीं-कहीं म्हणजे कुठी? माह्या वावरात का भावाच्या वावरात?"

"दोन्हीकडे येऊ शकतं, दोन्हीकडे नाहीही येणार."

"मंग हे तं मले बी माहीत व्हतं. तुमाले पगार कायचा?"

प्रश्न झोंबला. पण माणूस मला आवडला. वर्षानुवर्षं तो फोन करी, भांडे, हसे आणि शेवटी मी सांगितलं तसं करी.

केळीचं एक विचित्र असतं, ते बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. केळ निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की झाड वरून जड होतं. खाली मुळं उथळ. जमीन ओली असेल आणि वारा आला तर झाड मुळासकट आडवं होतं. म्हणून वादळाची भीती असेल तेव्हा ठिबक बंद ठेवायचं आणि झाडांना बांबूचे टेकू द्यायचे. पण एप्रिल-मेच्या उन्हात केळीला रोज पाणी लागतं. दोन दिवस निभतात. त्यापुढे पानं करपतात, घडाचा दांडा वाळतो आणि घड मोडून खाली येतो. म्हणजे पाणी दिलं आणि वादळ आलं तरी बाग जाते, नाही दिलं आणि वादळ नाही आलं तरी जाते. मधल्या जागी शेतकरी उभा असतो आणि माझ्याकडे बघत असतो.

त्या वर्षी एप्रिल संपताना चिन्हं चांगलीच जमली होती. माझं वय झालेलं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि 'कहीं-कहीं'वरची थट्टा ऐकून कान किटलेले. वरून आलेल्या अंदाजात 'शक्यता' लिहिलं होतं. मी सल्ला लिहिताना तो शब्द काढून टाकला. लिहिलं, "वादळ येणार आहे. निसवलेल्या बागेचं ठिबक बंद ठेवा." भागवतभाऊचा फोन आला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." किती छान वाटलं मला ते म्हणताना! तीस वर्षांत पहिल्यांदा एखादा माणूस माझं उत्तर ऐकून गप्प बसला होता.

दोन दिवस झाले, वादळ आलं नाही. इथं मी थांबायला हवं होतं. मी तिसऱ्या दिवशी लिहिलं, "अजून दोन दिवस." कारण ढग होते, आणि खरं सांगायचं तर माघार घ्यायची लाज वाटत होती. चार दिवस पारा पंचेचाळीसवर. ढग सातपुड्यावर उभे राहत आणि संध्याकाळी विरून जात. पाचव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ.

गावातल्या बाकीच्यांनी तिसऱ्या दिवशीच गुपचूप पाणी सोडलं होतं. पूर्ण चार दिवस थांबला तो एकटा भागवतभाऊ, कारण मी नक्की म्हटलं होतं.

तो केंद्रावर आला. खांद्यावर घड होता. मोडका, काळा पडलेला, फण्या सुरकुतलेल्या. त्यानं तो माझ्या टेबलावर, आकड्यांच्या वहीवर ठेवला.

"मॅडम, हे तुमचं वादळ. ठिवा."

मी काहीतरी बोलायला लागले. त्यानं हात वर केला. आवाज चढवला नाही. "अर्धी बाग गेली. मी कोनाले काही म्हणत नाही. पन आता मले फोन नका करू."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. चुका मी पुष्कळ केल्या होत्या, त्या हवेच्या होत्या. ही माझी होती. एक शब्द मी मोठेपणासाठी खोडला होता आणि त्याची किंमत दुसऱ्यानं दिली होती. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानंही थट्टा केली नाही, त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

तीन आठवडे भागवतभाऊचा फोन नाही. बहादरपूरच्या ग्रुपवर माझा सल्ला गेला की खाली कोणीतरी हसणारे चेहरे टाकी. एकानं तर लिहिलं, "मॅडम नाही म्हणे, म्हणजे आंधी येईन. बांबू लावा रे."

मग मे महिन्यातल्या एका सकाळी शब्बीरभाईंची यादी आली. खकनार, धूळकोट आणि शेवटी, "डोईफोडिया. चार सौ आदमी. लड़केवाले बहादरपुर के हैं, आपके भागवत पाटील. गोरज का मुहूर्त."

"जागा कुठली?"

"नाले में, मॅडम."

त्यात शब्बीरभाईंना काही वावगं वाटलं नाही, आणि खरं म्हणजे मलाही सवयीचं होतं. डोईफोडियासारखी जंगलाच्या काठची गावं उतारावर असतात. चारशे पानं बसतील एवढी सपाट जागा एकच, उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाला. मऊ रेती, दोन्ही काठांना झाडांची सावली, झाडायलाही नको. तिथं पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लागतात. आचाऱ्याची चूलही तिथंच, वऱ्हाडाचा जानवसाही तिथंच, आणि दुपारी बायका-लेकरं सावलीत रेतीवर पडून झोप काढतात. मेमध्ये नाल्याला पाणी येतं का? येत नाही. क्वचित येतं तेव्हा मात्र गावात पाऊस पडावा लागत नाही. वरच्या डोंगरात पडला की पुरे. तापलेली कडक जमीन पाणी पीत नाही, सगळं एकदम खाली सोडून देते.

पावणेतीनला वरच्या जंगलातल्या नाकेदाराचा, म्हणजे वनरक्षकाचा, फोन आला. तो ओळखीचा, पाऊस मोजून कळवायचं काम आम्ही त्याला दिलेलं. ओरडून बोलत होता, कारण पत्र्यावर गारा आपटत होत्या. "मॅडम, अर्धा घंटा झाला, रुकायचं नाव नाही!" मी रडारचं चित्र उघडलं. डोंगरावर एक लाल ठिपका, आणि तो हलत नव्हता. हलणारा ढग परवडला. एका जागी बसून ओतणारा ढग म्हणजे नाल्याला पूर.

पण कुठल्या नाल्याला? त्या डोंगरातून तीन-चार नाले निघतात. ढग थोडा पलीकडच्या उतारावर असेल तर पाणी दुसरीकडे जाईल, डोईफोडियात रेती कोरडीच राहील. चित्रात तेवढं बारीक दिसत नाही.

मी भागवतभाऊला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कापला. मग शब्बीरभाईंना लावला. ते मंडपातच होते. म्हटलं, "भागवतभाऊंना द्या. नाही म्हणाले तरी कानाला लावा."

थोडी धुसफूस ऐकू आली. मग, "बोला."

"भाऊ, वर डोंगरात जोराचा पाऊस आहे. नाल्याला पाणी येऊ शकतं. माणसं काठावर काढा."

"इथी ऊन तापू राह्यलं."

"तिथं पाऊस नाही पडणार. नुसतं पाणी येईल."

मागं बँड वाजत होता. मग त्यानं तोच प्रश्न विचारला. "नक्की?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नक्की म्हटलं तर लोक पटकन हलतील, असंही वाटलं. पण टेबलावर तो काळा घड ठेवतानाचे त्याचे हात मला दिसत होते. मी म्हटलं, "नाही भाऊ. नक्की नाही. आजच्यासारखं दहा वेळा झालं, तर चार वेळा त्या नाल्याला पाणी येईल, सहा वेळा नाही येणार."

"मागच्या बारी तुमी नक्की म्हने."

"म्हटलं होतं. चुकलं माझं. तेव्हाही नक्की नव्हतं."

मग तो म्हणाला, "आता नक्की नाही म्हनता, म्हंजे खरं बोलू राह्यल्या." आणि फोन तोंडापासून दूर नेऊन ओरडला, "ए शब्बीरभाई, चादर उतारो! आधी बाया-लेकरं वर काढा!"

एवढं सांगून पंख्याखाली बसून राहणं मला जमेना. केंद्र सहकाऱ्यावर सोपवलं, नवऱ्याला गाडी काढायला लावली. वाटेत तो दोनदा म्हणाला, "सहा वेळा नाही येणार, म्हणजे बहुतेक नाहीच येणार ना?" मी म्हटलं, "गाडी चालव."

चारला पोचलो. काय दृश्य होतं! चढावरच्या शाळेच्या आवारात चारशे माणसं उन्हात दाटीवाटीनं उभी. सावलीला एक लिंबाचं झाड, ते नवरीकडच्या म्हाताऱ्यांनी अडवलेलं. नवरा-नवरी वर्गातल्या बाकावर. वरणाचं भलंमोठं पातेलं दोन बांबूंवर अडकवून आठ जण वर आणत होते, आणि आचारी मात्र खाली नाल्यातच बसलेला. लग्नाचा बेत वरण-बट्टीचा, आणि गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या अर्ध्या भाजलेल्या. "अर्धी बट्टी सोडून कसा येऊ? माझं नाव खराब व्हईन," असं तो ओरडून सांगत होता.

नवरीचा मामा माझ्याकडे आला. मोठा माणूस, मोठा आवाज. "तुम्हीच का त्या मौसमवाल्या मॅडम? दहात चार म्हणे! म्हणजे सहा बारी आमीच बरोबर!"

त्याचं गणित चोख होतं. मी मान हलवली. नवरीचा भाऊ मोबाईल पुढं करून म्हणाला, "मॅडम, ॲप पे तो डोईफोडिया में फुल सन दिखा रहा है." तेही खरंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि वर सूर्य तळपत होता. माझा नवरा पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

भागवतभाऊ मामाला म्हणाला, "मामासाहेब, पानी नाही आलं तं काय व्हईन? घाम येईन, तुमी मले शिव्या द्यान. आलं तं काय व्हईन, ते मघा त्या रेतीवर झोपली व्हती त्या लेकरायले पाहून सांगा." मग माझ्याकडे न बघताच नाल्यात उतरला आणि आचाऱ्याला बखोटीला धरून वर घेऊन आला. आचारी रडकुंडीला आला होता.

अर्धा तास गेला. मामा घड्याळ पाहत होता. कोणी म्हणालं, आता तरी खाली चला. दोन-चार तरुण उतरायलाही लागले. तेवढ्यात वरच्या वळणाकडून एक आवाज यायला लागला, खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, पण थांबतच नव्हता. उतरणारे तरुण आपोआप मागं फिरले. मग ते दिसलं. पहिल्यांदा पाणी नव्हतंच, पालापाचोळा, काटक्या आणि फेस यांची कमरेएवढी भिंत होती. मागून तांबूस गढूळ पाणी. डोक्यावर निळं आकाश. पाण्यानं मंडपाचे बांबू काडीसारखे उचलले, बट्ट्यांचा विस्तव एका फुत्कारात विझवला, आणि जिथं दुपारी बायका-लेकरं पडली होती ती सगळी रेती क्षणात दिसेनाशी झाली.

एका बाईनं आपल्या लेकराला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. मी शाळेच्या पायरीवर बसले. नवऱ्यानं माझा हात धरला. बत्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यानं हात धरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

अर्ध्या तासानं पाणी ओसरलं. शब्बीरभाईंचे चाळीस बांबू गेले, कापड सगळं वाचलं. गोरज मुहूर्तावर शाळेच्या आवारात लग्न लागलं. जेवायला वरण आणि भात. बट्ट्यांशिवाय वरण हे खानदेशी माणसाला मोठं दुःख असतं, तरी लोक हसत जेवले. आचारी प्रत्येक पंगतीत सांगत फिरत होता की बट्ट्या फार सुरेख उतरल्या होत्या.

मामानं सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले. म्हटलं, "अहो, सहा वेळा नसतंच आलं." त्यांना तो माझा विनय वाटला. पाणी आलं म्हणून मी देवी झाले होते, नसतं आलं तर त्याच पायरीवर बसून शिव्या खाल्ल्या असत्या, आणि माझा अंदाज दोन्ही वेळा तेवढाच बरोबर असता. हे त्या गर्दीत कोणाला समजावू? भागवतभाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वाढताना फक्त माझ्या पानात वरणावर तुपाची धार जरा जास्त धरली.

त्यानंतर मी सल्ल्याच्या शेवटी एक ओळ लिहायला लागले. दहातून तीन वेळा, दहातून पाच वेळा. वरून विचारणा झाली की हे कुठल्या नियमात बसतं. मी उत्तर द्यायला वेळ लावला आणि तोवर निवृत्त झाले.

पण त्याच वर्षीच्या जूनच्या सुरुवातीचं एक सांगायचं आहे. वादळाची चिन्हं पुन्हा जमली. मी लिहिलं, "दहातून चार वेळा." दुसऱ्या दिवशी बहादरपूरला पाऊस मोजायचं नळकांडं तपासायला जायचं होतं. वाटेत भागवतभाऊची उरलेली बाग लागते. मी बांधावर थांबले. बाग दहा ओळींची. सहा ओळींखाली ठिबकची ओल दिसत होती. चार ओळी कोरड्या, आणि त्या चारही ओळींतल्या प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू.

मी पाहतच राहिले. तो आतून आला, गमछ्यानं हात पुसत.

"भाऊ, हे काय केलंत?"

"तुमीच तं सांगतलं. चार बारी येईन, सहा बारी नाही. मंग चार ओळी कोरड्या ठिवल्या, सहाले पानी देलं."

मी हसायला लागले ते थांबेचना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अख्ख्या नोकरीत साहेबांना, पत्रकारांना, नवऱ्याला जे समजावून सांगता आलं नव्हतं ते या माणसानं जमिनीवर आखून ठेवलं होतं. मी विचारलं, "आणि मी दहातून पाच म्हटलं असतं तर?"

"मंग घरवालीले इचारलं असतं."

घरवाली पलीकडच्या ओळीतून ओरडली, "मी तं म्हने, साऱ्याले पानी द्या!"

वादळ त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. ऊन सणसणीत तापलं. कोरड्या ठेवलेल्या चार ओळींची पानं कडेनं करपली असणार, हे मला केंद्रावर बसून कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आकडे लिहीत होते, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर त्याचं नाव. मी पेन खाली ठेवलं आणि उचलला.

"मॅडम," भागवतभाऊ म्हणाला, "या बारी सहावालं निघालं. आता पुढचं सांगा."